मार्शल आणि मागच्यांचा वेळ

गोल्फ हा बव्हंशी पंचाविना खेळला जाणारा खेळ आहे, आणि त्याची नैतिक प्रतिष्ठा मुख्यतः याच गोष्टीवर उभी आहे. चेंडू जागचा हलला किंवा नियमाचा भंग झाला, तर दंडाचा फटका स्वतःच्या नावावर मांडण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, मग तो प्रकार इतर कोणी पाहिलेला असो वा नसो. १९२५ च्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स याने दुसऱ्या कोणालाही न दिसलेली चेंडूची किंचित हालचाल आपणहून सांगून एक फटका ओढवून घेतला, आणि पुढे बरोबरी झाल्यावर निर्णायक फेरीत तो हरला. गोल्फच्या जगात हे उदाहरण इतक्यांदा सांगितले जाते, की त्यातला त्याग आता शिष्टाचाराच्या पाठासारखा वाटू लागला आहे.

अशा खेळाच्या मैदानात मार्शल फिरू लागतो, तेव्हा एक पेच उभा राहतो. मार्शल म्हणजे रेफरी नव्हे. रेफरी हा स्पर्धेच्या समितीने नेमलेला असतो आणि प्रत्यक्ष काय घडले हे ठरवून नियम लागू करण्याचा अधिकार त्याला असतो. मार्शल हा क्लबचा माणूस, अमेरिकेतील सार्वजनिक मैदानांवर तर पुष्कळदा निवृत्तीनंतर अल्प मोबदल्यावर किंवा मोफत खेळायला मिळते एवढ्यासाठी हे काम पत्करलेला, आणि त्याचे मुख्य काम खेळ पुढे सरकत ठेवणे हे असते. त्याला दंडाचा एकही फटका देता येत नाही. फार तर तो वेग वाढवायला सांगतो, चेंडू उचलून पुढच्या होलकडे जायला सांगतो, आणि प्रकरण विकोपाला गेले तर क्लबच्या अटींच्या आधारे मैदान सोडायला लावतो. खेळाडू आणि मार्शल यांच्यातील चकमकी बहुतेक या अर्धवट अधिकारातूनच उद्भवतात. पुढील संवाद कल्पित आहे. त्यातील एक बाजू नीतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांची असून त्यांनी गोल्फ केवळ पुस्तकातून जाणला आहे, तर दुसरी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीची आहे, जी पुढे वाहतूक-नियोजनाकडे वळली आणि गोल्फ खेळू लागली.

विद्यार्थिनीने पेच असा मांडला : “सर, समजा चेंडू झाडीत गेला आणि सापडला नाही. शोधण्यासाठी २०१९ पूर्वी पाच मिनिटे मिळत, आता तीन मिळतात. त्यानंतर चेंडू हरवला असे धरले जाते, आणि नियमानुसार खेळाडूने एक दंडाचा फटका घेऊन, जिथून आधीचा फटका मारला होता तिथे परत जाऊन नवा चेंडू मारायचा असतो. हे परत जाणे दोन-अडीचशे मीटरांचे असू शकते. नेमका तेव्हाच मार्शल येतो आणि म्हणतो, ‘कशाला मागे जाता? इथेच चेंडू टाका आणि चला.’ त्याचे ऐकले तर गुणपत्रिका खोटी होते. न ऐकले तर मागे थांबलेल्या चौघांचा वेळ जातो. शिवाय खेळ विनाविलंब चालवावा असे तेच नियमपुस्तक सांगते, फटका मारण्याची पाळी आल्यावर ४० सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये अशी शिफारसही करते. एकाच पुस्तकातील दोन आज्ञा परस्परांना छेद देत असतील, तर प्रामाणिक खेळाडूने कोणती पाळायची?”

प्राध्यापकांनी आधी या दोन आज्ञांचे वय विचारात घेतले. स्कॉटलंडमधील लीथ येथील खेळाडूंनी १७४४ मध्ये लिहून काढलेले तेरा नियम हे गोल्फचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लिखित नियम होत, आणि चेंडू हरवल्यास मागच्या जागी परतून प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा, हे कलम त्यांतही आहे. वेळेविषयी मात्र त्यांत एकही शब्द नाही. “लीथच्या मैदानावर तेव्हा पाचच होल होते,” ते म्हणाले, “आणि दोघे एकमेकांविरुद्ध खेळत असताना तिसऱ्याचा वेळ हा प्रश्न बहुधा कोणाच्या डोक्यातही आला नसेल. म्हणजे मागे जाण्याचा नियम दोन प्रतिस्पर्ध्यांमधील न्यायाचा आहे, तर वेगाचा नियम अनोळखी माणसांमधील न्यायाचा आहे. तुझा पेच दोन नियमांमधला दिसतो खरा, पण मुळात तो दोन समाजांमधला आहे : एक समाज बरोबर खेळणाऱ्यांचा, दुसरा त्याच जमिनीवर मागून येणाऱ्यांचा.”

“पण सर, या दुसऱ्या समाजाची दखल नियमकर्त्यांनी घेतली आहे,” असे म्हणून तिने २०१९ च्या सुधारणेतील एका तरतुदीकडे लक्ष वेधले. क्लबच्या समितीने एक विशिष्ट स्थानिक नियम, म्हणजे केवळ त्या मैदानापुरता लागू होणारा पर्यायी नियम, स्वीकारला असेल, तर हरवलेल्या चेंडूसाठी मागे जाण्याऐवजी तो जिथे हरवला त्या परिसरात, दोन दंडाचे फटके घेऊन, नवा चेंडू टाकता येतो. मात्र ही सोय दैनंदिन खेळासाठी आहे, उच्च दर्जाच्या स्पर्धांसाठी नाही. मार्शल जे वाटेवर सुचवतो, तेच येथे किंमत ठरवून कायदेशीर केले आहे.

प्राध्यापकांना यात समाधानापेक्षा भेद अधिक दिसला. समितीने नियम स्वीकारला असेल, तर मार्शल केवळ त्याची आठवण करून देतो. स्वीकारला नसेल, तर तो अशी माफी वाटत असतो, जी वाटण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. दोन्ही प्रसंगी त्याच्या तोंडचे वाक्य एकच असते, आणि खेळाडूला त्यातला फरक कळत नाही. येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवण्याजोगी आहे : भारतातील मैदानांवर ‘आगेवाला’ नावाचा मदतनीस फेअरवेवर, म्हणजे टी (होलच्या पहिल्या फटक्याची जागा) आणि ग्रीन (खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) यांमधील आखूड गवताच्या पट्ट्यावर, पुढे उभा राहून चेंडू कुठे पडतो ते पाहतो, त्यामुळे हरवलेल्या चेंडूचा हा पेच मुळातच कमी वेळा उद्भवतो. एका माणसाची स्वस्त मजुरी येथे नीतिशास्त्राचा प्रश्न सोडवते, आणि हे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही.

यापुढे विद्यार्थिनीने जो युक्तिवाद केला, तो तिच्या व्यवसायातून आलेला होता आणि संपूर्ण चर्चेत तोच सर्वांत वजनदार ठरतो. पार-थ्री होल, म्हणजे टीवरून एका फटक्यात ग्रीनवर पोहोचणे अपेक्षित असलेला आखूड होल, एका वेळी एकाच गटाला सामावून घेतो, कारण पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत मागच्याला फटका मारता येत नाही. लांब होलवर मात्र दोन किंवा तीन गट निरनिराळ्या टप्प्यांवर असू शकतात. “आता समजा क्लबने दर आठ मिनिटांनी एक गट सोडला, आणि वाटेतील पार-थ्री होल पूर्ण करायला चांगल्या खेळणाऱ्या गटालाही दहा मिनिटे लागतात. पहिला गट न थांबता जाईल, दुसरा दोन मिनिटे थांबेल, तिसरा चार, आणि एकविसावा चाळीस. या एकवीस गटांपैकी एकानेही आळस केलेला नाही. चाळीस मिनिटे सकाळी वेळापत्रक छापले तेव्हाच उशिरात जमा झाली होती. तरी दुपारी मार्शल जातो कोणाकडे? एकविसाव्या गटाकडे. एकेरी पुलापाशी खोळंबलेल्या रांगेतल्या शेवटच्या एसटीच्या ड्रायव्हरला कोणी गाडी दामटायला सांगावे, तसा हा प्रकार आहे.”

“म्हणजे तुझ्या मते मार्शलला बोलण्याचा हक्कच उरत नाही?”

“बोलण्याचा उरतो, सर. दोष देण्याचा उरत नाही.”

प्राध्यापकांनी येथे जोसेफ रॅझ या तत्त्वज्ञाच्या अधिकारविषयक विचाराचा आधार घेतला. ‘द मोरॅलिटी ऑफ फ्रीडम’ या १९८६ मधील ग्रंथात रॅझ असे प्रतिपादन करतो, की एखाद्याच्या आज्ञेला खरा अधिकार तेव्हाच प्राप्त होतो, जेव्हा ती पाळल्याने माणूस स्वतःच्या बुद्धीने चालला असता त्याहून अधिक चांगल्या रीतीने, त्याला मुळातच लागू असलेल्या कारणांनुसार वागू शकतो. अधिकार म्हणजे वरचे स्थान नव्हे, तर आज्ञा पाळणाऱ्याची केलेली सेवा, असा याचा आशय. ही कसोटी मार्शलला लावली तर त्याच्या अधिकाराचा उगम टोपीवरील बिल्ल्यात सापडत नाही. तो संपूर्ण मैदानभर फिरतो, पुढच्या दोन होलवर काय चालले आहे हे त्याला दिसते आणि फेअरवेवरील खेळाडूला ते दिसू शकत नाही, एवढ्याच गोष्टीत तो सापडतो. जिथे त्याला अधिक दिसते तिथे त्याचे ऐकावे; जिथे तो केवळ घड्याळ पाहून बोलतो तिथे त्याचा शब्द कोणाही वाटसरूच्या शब्दाइतकाच वजनाचा.

परंतु एवढे मान्य केल्यावर प्राध्यापकांनी उलट बाजूही मांडली. दोष व्यवस्थेचा असू शकतो हे एकदा सर्वांना कळले, की खरोखर रेंगाळणारा गटही व्यवस्थेकडेच बोट दाखवील. प्रत्येक पटाला, म्हणजे ग्रीनवरील हलक्या फटक्याला, दोन्ही बाजूंनी न्याहाळणारा आणि फटक्याआधी चार वेळा काठी फिरवणारा खेळाडू स्वतःला नेहमीच एकविसाव्या गटात समजतो. विद्यार्थिनीने हे नाकारले नाही. तिच्या मते यासाठी गोल्फमध्ये चांगली कसोटी आधीपासूनच रूढ आहे : मागे कोण थांबले आहे हे न पाहता, पुढच्या गटाशी किती अंतर पडले आहे ते पाहायचे. पुढचा होल रिकामा आणि मागे दाटी, तर उशीर या गटाचा. पुढेही दाटी, तर नाही. ही कसोटी मोजता येते, वादात टिकते, आणि मार्शलने तिच्या आधारे बोलल्यास त्याच्या शब्दाला पुरावा मिळतो.

“आणि मागे कोणीच नसेल तर?” प्राध्यापकांनी विचारले, आणि त्यांना अभिप्रेत असलेले उदाहरण मार्शलचे नसून रेफरीचे होते. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेतील फायरस्टोन येथील स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी पॅड्रिग हॅरिंग्टन हा टायगर वुड्सच्या एका फटक्याने पुढे असताना, रेफरी जॉन पॅरामोर यांनी सोळाव्या होलवर त्या दोघांवर घड्याळ लावले, म्हणजे प्रत्येक फटक्याचा वेळ मोजायला सुरुवात केली. हॅरिंग्टनला त्या होलवर आठ फटके लागले, पारपेक्षा, म्हणजे अपेक्षित फटक्यांपेक्षा, तीन अधिक, आणि वुड्स जिंकला. जिंकलेल्या वुड्सनेच नंतर या निर्णयावर जाहीर टीका केली. ही दिवसातील शेवटची जोडी होती. तिच्या मागे थांबलेले कोणी नव्हते.

विद्यार्थिनीला यात नियमाचा प्राण गेलेला दिसला : मागच्यांचा वेळ हेच वेगाच्या नियमाचे कारण असेल, तर मागे कोणी नसताना तो लावणे म्हणजे कारणाविना आज्ञा. प्राध्यापकांनी मात्र पॅरामोर यांची बाजू घेतली. दिवसभर आधीच्या जोड्यांना जो नियम लावला गेला, तोच शेवटच्या जोडीला ती प्रेक्षणीय आहे म्हणून माफ करायचा का? स्पर्धेत वेळ हा इतरांकडून उसना घेतलेला असतो, तसाच तो विचार करण्याचे साधनही असतो, आणि एकाला ते साधन जास्त मिळाले तर मागे कोणी असो वा नसो, बरोबरी मोडते. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत चौदा वर्षांच्या ग्वान तियानलांग या मुलाला याच पॅरामोर यांनी दुसऱ्या फेरीत संथ खेळाबद्दल एक फटका दंड दिला, तेव्हा हळहळ पुष्कळ झाली; पण वय पाहून नियम वाकवला असता तर ती दया त्या मुलाच्या खेळाला कमी लेखणारीच ठरली असती. हा मुद्दा प्राध्यापकांचा बिनतोड आहे, फक्त तो स्पर्धेपुरता आहे. रविवारी सकाळी पैसे भरून खेळायला आलेल्या चौघांना बरोबरीचा न्याय लागू होत नाही, कारण ते कोणाच्याही बरोबरीत नसतात; त्यांचा मागच्यांशी असलेला संबंध शेजाऱ्याचा असतो.

याच फरकाच्या आधारे विद्यार्थिनीने मूळ पेचाला उत्तर दिले. दैनंदिन खेळात, पुढे होल रिकामा आणि मागे गट थांबलेला असेल, तर खेळाडूने मागे जाऊ नये. चेंडू टाकून पुढे चालावे, आणि क्लबने स्थानिक नियम स्वीकारलेला नसेल तर त्या होलचे फटके नियमानुसार झाल्याचा दावा सोडून द्यावा. “गुणपत्रिका स्वतःची असते, ती कोरी ठेवण्याचा हक्क खेळाडूला आहे. मागच्या चौघांची दहा मिनिटे त्याची नसतात.” स्पर्धेत मात्र उलट : तिथे मागेच जावे, हवे तर मागच्या गटाला पुढे काढून द्यावे, कारण न घेतलेला दंड हा साऱ्या स्पर्धकांकडून घेतलेला फायदा ठरतो, आणि तो मार्शलच्या सौजन्याने मिळाला म्हणून निर्दोष होत नाही.

“मार्शलचे काय?” प्राध्यापकांनी विचारले. “वेळापत्रक त्याने छापलेले नाही, आठ मिनिटांचे गणित त्याने मांडलेले नाही, आणि त्या गणितातून क्लबला मिळालेल्या जादा पैशातला वाटाही त्याला नाही. राग मात्र त्याच्या वाट्याला येतो. त्याने एकविसाव्या गटाला खरे सांगावे का?”

“सांगावे, सर. पुढे तीन गट अडकले आहेत, तुमची चूक नाही, थांबा, एवढेच.”

“मग त्या गटाला घाई करण्याचे कारण काय उरले?”

“काहीच नाही. आधीही नव्हते.”

प्राध्यापकांनी हे मान्य केले, आणि एक शंका तरीही काढली. स्पर्धा सुरू आहे, चेंडू हरवला आहे, मार्शल इथेच चेंडू टाकायला सांगतो आहे आणि तो स्थानिक नियम त्या दिवशी लागू आहे की नाही याची खेळाडूला खात्री नाही. अशा वेळी काय करावे? विद्यार्थिनीने सांगितले, की फटके मोजून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत अशा अनिश्चिततेसाठी नियमपुस्तकातच वाट आहे : खेळाडूने दोन चेंडू खेळून होल पूर्ण करावा, एक मागे जाऊन आणि एक टाकून, आणि कोणता ग्राह्य हे फेरी संपल्यावर समितीकडून ठरवून घ्यावे.

“आणि हे दोन चेंडू खेळून होईपर्यंत,” प्राध्यापकांनी विचारले, “मार्शल मागच्या गटाला काय सांगणार?”