रात्रीच्या मंडपात कोणाला जागा होती

27 डिसेंबर 2024 ला धाराशिव जिल्ह्यात पोलिसांना एक फोन आला: उमरगा तालुक्यातल्या तीन मुलींना पळवून नेलं आहे. शोध घेतल्यावर कळलं, की फोन उमरग्याहून पुण्याकडे निघालेल्या एसटीतून आला होता. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला मुली सापडल्या. वयं 11 ते 13. कोणी कोणाला पळवलं नव्हतं. पुण्याला जायचं, काम करायचं, पैसे साठवायचे आणि दक्षिण कोरियाला जाऊन बीटीएस या सात गायकांच्या संचाला भेटायचं, असा मुलींचाच बेत होता.

बातमी आली आणि उपदेशाचा पूर लोटला. मोबाइल काढून घ्या, संस्कार कमी पडले, परक्या नाचगाण्याने पिढी वाया गेली. हे सगळं सोडून देता आलं असतं. पण एक वाक्य चांगल्या वाचत्या माणसांकडूनही ऐकावं लागलं आणि ते मात्र सोडवत नाही: आपल्याकडे गायकापायी असं वेडं होण्याची रीत नव्हती. मी बुलडाणा जिल्ह्यातला माणूस आहे. हे वाक्य निदान माझ्या जिल्ह्यात तरी साफ खोटं आहे.

14 एप्रिलला आमच्याकडे डॉ. आंबेडकरांची जयंती सुरू होते, ती त्या दिवशी संपत नाही. एका गावाने आज केली तर शेजारचं गाव आठ दिवसांनी करतं, तिसरं मे महिन्यात. याचं कारण अगदी व्यवहारी आहे. गायन पार्ट्या मोजक्या, गावं शेकडो. तारखा पुढेमागे केल्या तरच चांगल्या पार्टीला सुपारी देता येते. पेटी, ढोलक, बेंजो, मागे कोरस आणि मधे मुख्य गायक, असा तो संच. सामना असेल तर समोर दुसरी पार्टी, सवाल-जवाब, आणि ऐकणारे दोन तटांत वाटलेले. आपल्या पार्टीमागे मलकापूरपासून देऊळगाव राजापर्यंत, मिळेल त्या वाहनाने, रात्र रात्र फिरणारी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना कोणी कधी समुपदेशनाला पाठवलं नाही.

त्यांचं ऐकणं किती बारीक होतं, हे फर्माईशीच्या चिठ्ठीवरून कळायचं. वहीच्या कागदाची चौपदरी घडी, आत दहा-वीसची नोट, वर गाण्याचा मुखडा आणि खाली देणाऱ्याचं नाव-गाव. चिठ्ठी हातोहात स्टेजपर्यंत जायची. गायक नाव माइकवर वाचायचा आणि मग गायचा. पण खरा दर्दी चिठ्ठीत नुसतं गाणं लिहून थांबत नसे. कोणत्या कवीचं, कोणत्या चालीवर आणि कोणता अंतरा सोडू नये, हेही लिहायचा. कवीचं नाव त्याला ठाऊक असायचं, कारण भीमगीताच्या शेवटच्या अंतऱ्यात कवी स्वतःचं नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांनी हे आयुष्यभर केलं. हिंदी सिनेमाचं गाणं वर्षानुवर्षं गुणगुणणाऱ्या शिकलेल्या माणसाला गीतकार विचारा, अडखळेल. आमच्या मंडपातला शेतमजूर अडखळत नव्हता.

इथे मला थिओडोर अडोर्नोशी भांडायचं आहे, कारण उमरग्याच्या मुलींना नावं ठेवणाऱ्या विद्वानांच्या मागे, त्यांना माहीत असो-नसो, तोच उभा आहे. नाझी जर्मनी सोडून निघालेला हा तत्त्वज्ञ 1938 मध्ये इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला आला आणि लाझार्सफेल्ड यांच्या रेडिओ संशोधन प्रकल्पात लागला. 1941 मध्ये लोकप्रिय संगीतावर त्याने जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात म्हणणं असं: हे संगीत साच्यातून निघतं. बत्तीस आवर्तनांचे ठरलेले खंड, आवाजाचा पल्ला जेमतेम सप्तकभर, वरवरचा फरक तेवढा नवा. बेथोव्हेनमध्ये प्रत्येक तुकड्याला अर्थ संपूर्ण रचनेतून येतो. इथे कोणताही तुकडा काढून दुसरा बसवला तरी बिघडत नाही. म्हणून ऐकणाऱ्याला काही करावंच लागत नाही, ऐकण्याचं काम गाण्याने आधीच उरकून टाकलेलं असतं. आणि चाहत्याचा उन्माद? तो सक्तीचा आहे. आपण फसवले जात आहोत हे त्याला आतून कळतं, तेच दडपायला तो जास्त जोराने ओरडतो.

हा आरोप हलका नाही. बाजाराने साचे कसे पाडले, हे अडोर्नोइतकं कठोरपणे कोणी दाखवलं नाही. पण साचा म्हणजे ऐकणाऱ्याची गुलामी, ही त्याची पुढची उडी मला मान्य नाही, आणि त्याविरुद्धचा पुरावा आमच्याकडे दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर जमिनीवर मांडून विकला जातो. भीमगीतांच्या छोट्या पुस्तिका उघडा. कित्येक गाण्यांच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, चाल अमुक सिनेमातल्या तमुक गाण्याची. चाल उसनी, आयती, सगळ्यांच्या तोंडात बसलेली. कवी तिच्यात महाडचं तळं भरतो, पुणे करार भरतो, राज्यघटना भरतो. चाल आधीच पाठ असल्यामुळे ऐकणाऱ्याचा कान मोकळा राहतो आणि थेट नव्या शब्दावर जातो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्यापर्यंत घटना पोचवायची, तर अनोळखी चालीचा अडसर परवडत नाही. जो साचा अडोर्नोला विचार मारणारा वाटला, तोच इथे विचाराचं वाहन झाला.

बाजाराबद्दलही तेच. संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 1993 च्या आपल्या पुस्तकात दाखवलं, की 1980 च्या दशकात भारतात स्वस्त कॅसेट आली आणि एका बड्या रेकॉर्ड कंपनीची मक्तेदारी मोडली. लहान कंपन्या, प्रादेशिक भाषा, गावचे गायक यांना बाजार मिळाला. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आमच्या घराघरांत रुजला तो या काळात. त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद यांनी ‘नवीन पोपट’ गाजवला तोही कॅसेटवरच. आज नातू आदर्श गातो. वडील, मुलं, नातू अशा तीन पिढ्या ऐकणारी घरं खामगावला आहेत, चिखलीला आहेत. आणि कॅसेटच्याही आधी, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला, मेहकरसारख्या आडगावी वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांड्यांची कविता जी. एन. जोशींच्या तबकडीने महाराष्ट्रभर नेली. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह आला 1954 मध्ये. लोकांनी पुस्तकाची वाट पाहिली नाही.

आता माझ्याच बाजूचे लोक जे उत्तर देतात, त्याकडे येतो. ते म्हणतात, भीमगीतांचा चाहता आणि बीटीएसची चाहती यांची बरोबरी करू नका. आपला माणूस विचारावर जीव टाकतो, गायकावर नाही. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मीही याच उत्तरावर थांबणार होतो. पण ते पुरत नाही. आषाढीहून परतणारी गजानन महाराजांची पालखी सिंदखेड राजा, लोणार, मेहकर करत खामगावला येते आणि तिथून शेवटचा टप्पा शेगावचा. त्या वाटेवर लाउडस्पीकरवर विठ्ठलाची गाणी म्हणणारा आवाज प्रल्हाद शिंद्यांचाच असतो. एप्रिलमध्ये निळ्या झेंड्याखाली जो आवाज, तोच आषाढात भगव्या पताकांखाली. ज्या घराला जयंतीचं वावडं आहे त्या घरातही तो लाडका आहे. म्हणजे जीव आवाजावरही जडतो, विचार सोबत असो वा नसो. तो जडू द्यावा. त्याला चळवळीचा दाखला मागण्याचं कारण नाही.

मग फरक आहे तो कशात? तो मला आमच्या तालुक्यातल्या एका शिंप्याच्या घरी समजला. प्रल्हाददादांचा जुना भक्त. मशीनच्या खणात कॅसेटी, प्रत्येकीच्या चिठोऱ्यावर ते गाणं पहिल्यांदा ज्या गावी ऐकलं त्या गावाचं नाव. एका गाण्याचा तिसरा अंतरा म्हणताना तो चुकला, तर चुलीपाशी बसलेल्या बायकोने तिथूनच बरोबर ओळ म्हणून दाखवली. तुम्हीही कार्यक्रमाला जायच्या का, असं विचारलं. ती म्हणाली, “मले सारं पाठ हाये. पन म्या त त्यायले कधी पायलंच नाई. भोंग्यातूनच आयकलं सारं.”

नवऱ्याची भक्ती गावाला माहीत होती, तिच्यामुळे त्याला मान होता. तिचीही तितकीच जुनी, तितकीच पक्की, आणि ओळींच्या बाबतीत त्याच्याहून पक्की. पण तिची कुठे नोंद नाही. कारण आयुष्यभराचा चाहता व्हायला रात्री घराबाहेर राहता यावं लागतं, परगावी जाता यावं लागतं, खिशात स्वतःची नोट असावी लागते. ज्या मंडपाचं मी वर इतकं कौतुक केलं, त्यात पुढच्या रांगा पुरुषांच्या होत्या आणि चिठ्ठ्याही पुरुषांच्याच. बाया होत्या त्या कडेला, लेकरं मांडीवर घेऊन, कार्यक्रम अर्ध्यात टाकून घरी परतणाऱ्या.

उमरग्याच्या मुलींकडे मी आता असं पाहतो. मोबाइलने त्यांना असा एक संच दिला, ज्याच्यावर उंबरठा न ओलांडता जीव लावता येतो. तो संच काही पोकळ नाही. 2013 मध्ये सुरू झालेल्या या सात पोरांनी 2019 च्या आपल्या अल्बमला मरी स्टाइन यांच्या मानसशास्त्रज्ञ युंगवरच्या पुस्तकावरून नाव दिलं, आणि 2018 मध्ये त्यांचा म्होरक्या संयुक्त राष्ट्रांत तरुणांना स्वतःवर प्रेम करा असं सांगायला उभा राहिला. त्यांच्यामागे मोठी कंपनी आहे, ती चाहत्यांकडून पैसा काढते, हे खरंच आहे. अडोर्नो तिथे पूर्ण चुकत नाही. पण परक्या भाषेतल्या गाण्याचा अर्थ शोधत बसणाऱ्या पोरींना, तुम्हाला काही करावं लागत नाही, असं कोण म्हणेल?

आणि अडोर्नोनेही शेवटी एक कबुली दिली आहे, तिच्याकडे त्याचे अनुयायी पाहत नाहीत. नाचगाण्यात बेभान झालेल्यांना त्याने किड्यांची उपमा दिली, ती मला आजही बोचते. पण निबंध संपवताना तो म्हणतो, की तसा किडा व्हायलासुद्धा जी ताकद लागते, तीच कदाचित त्याला माणूस करू शकली असती. ही ताकद त्या तीन मुलींकडे होती. खोटा फोन करणं गैर होतं, धोक्याचंही होतं. त्या सुखरूप सापडल्या हे फार बरं झालं. पण बाप्या माणूस आपल्या पार्टीमागे चार तालुके हिंडला तर तो दर्दी, आणि मुलगी आपल्या गायकांकडे निघाली तर ते पोलिसांचं प्रकरण, या दोन निकालांमध्ये वयाखेरीज आणखी काहीतरी आहे, हे आपण कबूल केलं पाहिजे.

कार्यक्रमांना बायाच येत नाहीत, असं कोणी म्हणेल, तर ते टिकत नाही. 12 जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी लांबलांबून बाया येतात, कारण कार्यक्रम दिवसाउजेडी असतो आणि तिथे येण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारत नाही. बाया गाणार नाहीत, हेही नाही. दारोदार एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात लोकांच्या मोबाइलवरूनच महाराष्ट्राला माहीत झाल्या.

म्हणून जिल्ह्यातल्या जयंती मंडळांना, उत्सव समित्यांना, गणेश मंडळांना माझं सांगणं आहे. पुढच्या वर्षी पार्टीला सुपारी द्याल, तेव्हा निदान एक कार्यक्रम दुपारचा ठरवा. पुढच्या दोन रांगा मुलींना द्या. परगावच्या मुलींसाठी गाडी करा. आणि गायकाला आधीच सांगून ठेवा, की पहिली चिठ्ठी मुलीची वाचायची, तिच्या नावा-गावासकट, माइकवर.