भर दुपारचे बारा

गेल्या मे महिन्यात चार दिवसांच्या विसाव्यासाठी आम्ही केळशीस गेलो होतो. दापोली तालुक्यातील हे गाव भारजा नदीच्या मुखाशी वसले आहे. माडापोफळींच्या वाड्या, महालक्ष्मीचे देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी जिचा अभ्यास केला ती किनाऱ्यावरची वाळूची टेकडी, असे हे शांत गाव. आमचे यजमान निवृत्त शिक्षक. तरुणपणी मुंबईत नोकरी करताना त्यांना इंग्रजी चित्रपटांचे, त्यातही घोडेस्वार आणि पिस्तूलबाजांच्या 'वेस्टर्न' चित्रपटांचे वेड लागले, ते आजवर सुटलेले नाही. एका रात्री ओटीवर बसून त्यांनी नातवाला आणि आम्हाला 'हाय नून' दाखविला.

आम्हालाही हे चित्रपट नवे नव्हते. लहानपणी चर्चच्या आवारात पांढरा पडदा बांधून जे चित्रपट दाखवीत, त्यांत अशी एखादी घोडदौड असायचीच. इंग्रजी संवाद कळत नसत. पण चांगला कोण आणि वाईट कोण, हे टोपी पाहूनच कळे! या चित्रपटांच्या मोहाचे अर्धे रहस्य तिथेच आहे. ज्या आयुष्यात खटले वीस वीस वर्षे चालतात आणि दोषी कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही, त्या आयुष्यातून माणूस दोन तास अशा जगात जातो, जिथे न्याय सूर्यास्तापूर्वी होतो. अमेरिकेच्या जनगणना खात्याने 1890 साली सरहद्दीची रेषा संपल्याचे जाहीर केले. म्हणजे चित्रपटांनी जो प्रदेश अमर केला, तो चित्रपटकला बाळसे धरण्याआधीच इतिहासजमा झाला होता. ही ओढ हरवलेल्या गोष्टीची ओढ आहे.

या ओढीत असत्यही पुष्कळ मिसळलेले आहे, हे सांगितलेच पाहिजे. ती भूमी रिकामी नव्हती. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना यांपैकी कितीतरी चित्रपटांनी केवळ आरडाओरडा करणारे शत्रू म्हणून उभे केले. ज्याची जमीन गेली, त्यालाच दरोडेखोर ठरविणे हा अन्याय जगात सर्वत्र चालतो. पडद्यावर तो रंजक होतो, एवढेच.

असे असूनही 'हाय नून' वेगळा आहे. फ्रेड झिनेमन यांनी 1952 साली तो काढला. शहराचा मार्शल विल केन याचा विवाह रविवारी सकाळी होतो. त्याच दिवशी तो पदावरून निवृत्त होऊन गाव सोडणार असतो. इतक्यात बातमी येते की, त्याने पूर्वी तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी बाराच्या गाडीने सूड घ्यायला येत आहे. केन साहाय्यासाठी दारोदार फिरतो आणि अखेर उपासना चालू असलेल्या चर्चमध्ये शिरतो. तिथे चर्चा होते. कुणी त्याच्या बाजूने बोलते, कुणी विरुद्ध. गावातला प्रतिष्ठित मित्र त्याची तोंडभर स्तुती करतो आणि मग गावाच्या भरभराटीसाठी त्याने निघून जावे, असे सुचवितो. आणि धर्मगुरू? हत्या करू नये ही आज्ञा आहे, तरी तेच काम आपण पगार देऊन दुसऱ्यांकडून करून घेतो, हे त्यांना कळते. परंतु लोकांनी केनला साथ द्यावी की नाही, हे सांगणे त्यांना जमत नाही. केन एकटाच बाहेर पडतो.

चित्रपट संपला. केनने आपला बिल्ला धुळीत टाकला आणि बग्गी गावाबाहेर गेली. बारा वर्षांच्या नातवाने विचारले, "फादर, चर्चमधली एवढी माणसं होती. त्यांतलं एकही का नाही आलं?"

गुरुजी हसले. आम्हाला मात्र हसू आले नाही.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे विवेचन अभ्यासले होते. स्वसंरक्षण करणाऱ्याचा हेतू जीव वाचविण्याचा असावा, जीव घेण्याचा नव्हे. आणि बळ गरजेपुरतेच वापरावे. ज्याच्यावर समाजाच्या रक्षणाची जबाबदारी आहे, त्याला तो अधिकार अधिक आहे. या कसोटीवर केन बहुधा उतरेल. पण मुलाचा प्रश्न केनविषयी नव्हताच. तो बाकांवर बसलेल्यांविषयी होता.

आपल्याकडे 1975 साली 'शोले' आला. तो याच घोडेस्वारी चित्रपटांचा वारसदार. त्याच्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. सेन्सॉरच्या आग्रहाने तो बदलून पोलिसांना आणावे लागले. दोन्ही शेवटांत गावकरी मात्र प्रेक्षकच राहतात. शूर माणसे बाहेरून, पैसे देऊन आणलेली. पिस्तूलबाज नायकाचा खरा धोका आम्हाला इथे दिसतो. तो आपल्याला हिंसा शिकवितो, हे खरे. पण त्याहून अधिक तो आपल्याला वाट पाहायला शिकवितो. कुणीतरी येईल, निस्तरेल आणि निघून जाईल. आपण दारे लावून घ्यावीत.

त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी एक मराठी चित्रपट होता: तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'सामना'. त्यातही गावात एक अनोळखी माणूस येतो. पण त्याच्याकडे ना घोडा ना पिस्तूल. श्रीराम लागूंनी उभा केलेला तो मास्तर म्हातारा, थकलेला, दारूत बुडालेला आहे. तो फक्त विचारतो की, मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले. आणि निळू फुल्यांच्या हिंदुरावाची सत्ता त्या एका प्रश्नाने हादरते. एवढे करण्यासाठी नेम धरता यावा लागत नाही. ते तुम्हा-आम्हाला, अगदी बाकावर बसल्या जागेवरून, करता येते. म्हणूनच ते अधिक कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आम्हाला याकूबबाबांच्या दर्ग्याला नेले. शिवाजी महाराज बाबांच्या भेटीस येत, असे तिथे परंपरेने सांगतात. तलवारीचा धनी निःशस्त्र फकिरापुढे लवतो, हे चित्र गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. आम्हाला गेथसेमनी बागेतला पेत्र आठवला. प्रभूने त्याला तलवार आवरायला सांगितली, पण पळून जायला सांगितले नव्हते. तलवार खाली ठेवणे आणि जागा सोडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिष्यांनी त्या रात्री दोन्ही केल्या. आम्हीही केल्या आहेत.

अनेक वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना एक विधवा मिस्सानंतर आमच्याकडे आली. शेजारच्या धनवान कुटुंबाने तिच्या विहिरीपलीकडे कुंपण सरकविले होते. ते कुटुंब सणाला सढळ हाताने देणगी देई. "फादर, पंचायतीत माझ्याबरोबर फक्त येऊन बसा," एवढेच तिचे मागणे होते. चर्च जमिनीच्या वादात पडत नाही, आम्ही प्रार्थना करू, असे आम्ही म्हणालो. ती एकटी गेली. कुंपण राहिले. ती मात्र पुढच्या रविवारी नेहमीच्या बाकावर होती. त्या वेळी आम्ही आमच्या मौनाला विवेक म्हणत होतो. केळशीच्या ओटीवर त्याचे खरे नाव कळले.

परतल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. ती आता वृद्ध झाली आहे. विहीर केव्हाच विकली गेली. तिने चहा ठेवला, नातवंडांची चौकशी करू दिली. तो विषय तिने काढला नाही. शेवटी आम्हीच काढला आणि क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, त्या दिवशी तुम्ही आला असता तरी कुंपण कदाचित राहिलंच असतं. पण मी एकटी नसते."

वाचकहो, मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून त्याला कळविलेले नाही. या अंकाची एक प्रत मात्र आम्ही केळशीला पाठवीत आहोत.