कुणावर राज्य आले?



गेल्या रविवारी मिस्सानंतर आवारात मुले लगोरी खेळत होती. श्रीरामपूरकडून नुकतेच सातपूरला राहायला आलेल्या एका कुटुंबातला दुसरीतला मुलगा भिंतीला टेकून बघत उभा होता. त्याला कुणी बोलावले नाही. आपण मोठी माणसे तिथेच गप्पा मारत होतो. चेंडू एका मोटारीला लागला तेव्हा आपण मुलांवर ओरडलो. त्या मुलाकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

खरे तर अशा मुलासाठी आपल्या खेळांत जागा राखून ठेवलेली आहे: कच्चा लिंबू. लहान असो वा नवखा, त्याला खेळात घ्यायचे आणि बाद झाला तरी बाद धरायचे नाही. भांडण झाले तर कट्टी, पण बहुधा त्याच संध्याकाळी बट्टीही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). आपल्यापैकी काहींची कट्टी मात्र कित्येक नाताळ टिकते!

आणि पकडापकडीतले ते 'राज्य'! ज्याच्यावर राज्य येते त्याला सिंहासन मिळत नाही, सगळ्यांत जास्त धावावे लागते. आपल्यात थोर कोण, असा वाद शिष्य घालत होते, तेव्हा येशूने त्यांना सर्वांचे सेवक व्हायला सांगितले आणि एका बालकाला मध्ये उभे केले (मार्क ९:३३-३७). राज्य आले तरी न रुसता धावायचे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात बसून कसे येणार? मोबाईलवर हरले की खेळ पुन्हा सुरू करता येतो, तिथे समोर रुसलेला मित्र नसतो. आणि आवारात भांडण झालेच, तर ते मिटवायला आपण आईबाप लगेच धावतो. मग मुलांनी मिटवायला शिकायचे कधी?

संत जॉन बॉस्को (१८१५-१८८८) तुरिनमध्ये मुलांबरोबर स्वतः अंगणात खेळत. लांब उभे राहून दटावणे त्यांना पसंत नव्हते.

उद्ध्वस्त यरुशलेम पुन्हा नांदेल, त्याची खूण म्हणून जखऱ्या संदेष्ट्याने काठी टेकणारी म्हातारी माणसे आणि रस्त्यांत खेळणारी मुलेमुली डोळ्यांपुढे उभी केली (८:४-५). आज गंगापूर रोडवर आपण मूल खेळायला सोडणार नाही. उरते ते चर्चचे आवार.

म्हणून येत्या रविवारी गाड्या फाटकाबाहेर लावू या. लगोरीसाठी फरशीचे सात चपटे तुकडे कुणाकडे असल्यास आणावेत. त्या मुलाच्या आईला आम्ही थोडा वेळ थांबायला सांगितले आहे.