पंख्यावरचं नाव

"बाई, ज्यांचं नाव पंख्यावर लिहिलंय, त्यांनी पंखा परत मागितला तर?"

तिसरीतल्या मुलाने हे विचारलं तेव्हा मी मराठीचा धडा घेत होते. पानशेतच्या पलीकडे डोंगरात, एका वाडीवरची आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी मिळून पट नऊ. दोन खोल्या, एकीत तांदळाची पोती आणि खिचडीची भांडी, दुसरीत चारही वर्ग. पुण्यातल्या एका कुटुंबाने दोन पंखे दिले होते आणि पात्यांवर तेलरंगात नाव घातलं होतं, 'यांच्या स्मरणार्थ'. वीज बऱ्याचदा नसायची. पंखा थांबला की पातं वाचता यायचं. जोडाक्षरांशी वर्षभर झगडणाऱ्या त्या मुलाने न अडखळता वाचलेला पहिला शब्द 'स्मरणार्थ' होता.

"नाही मागणार रे, दिलाय त्यांनी," एवढंच मी म्हणाले. ते उत्तर त्याला पुरलं नव्हतं. मलाही नाही.

आता निवृत्त होऊन पुण्यातल्या धायरीत राहते. नोकरीत असताना धायरी फाट्यावरून पहाटेची गाडी धरायचे, आता सोमवारी धारेश्वराच्या देवळात जाते. सकाळी शाळांच्या पिवळ्या गाड्यांनी रस्ता भरतो. त्यांच्यामागे उभी राहिले की मला ती वाडी आठवते आणि त्या मुलाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. सरकारी शाळेतलं मूल जे शिकतं, ते कुणाचं दान असतं का?

विद्यादान हे श्रेष्ठ दान, असं लहानपणापासून ऐकलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा न ठेवता, कर्तव्य म्हणून दिलं ते सात्त्विक. पंखे देणारं कुटुंब त्याच भावनेने आलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आजोबांनी मुलांना खाऊ वाटला, त्यांचे हात थरथरत होते. तरीही त्यांच्या पंख्याखाली बसलेलं मूल धास्तावलं. देणाऱ्याचं मन शुद्ध असलं तरी घेणाऱ्याचं मन मोकळं होत नाही. दानाबद्दल आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. घेणारं लेकरू वर बघत काय विचार करतं, हे कुणी विचारत नाही.

मला आधार सापडला तो ऋणाच्या कल्पनेत. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. ऋषींचं ऋण अध्ययनाने फेडायचं. हे वाचताना मी थबकले. म्हणजे पाटी घेऊन बसलेलं मूल काही घेत नाही, ते फेडतंय. ज्यांनी अक्षरं शोधली, अंक मांडले, पेरणीची वेळ ओळखली, त्यांचं देणं ते अ-आ-ई गिरवून फेडतंय. मग शाळा म्हणजे देणं फेडण्याची जागा, आणि ती जागा मुलाला मिळवून देणं यात कुणाचेही उपकार नाहीत.

पण याच ग्रंथातली एक गोष्ट डावलून मला पुढे जाता येत नाही. तैत्तिरीय संहितेतलं ते वाक्य ब्राह्मणापुरतं आहे. शतपथ ब्राह्मण या ग्रंथात मात्र जो कोणी आहे तो ऋणासह जन्मतो असं म्हटलंय आणि तिथे माणसांचं चौथं ऋणही येतं. शब्द इतका मोकळा असून व्यवहार शतकानुशतकं बंदच राहिला. माझ्यासारख्या बाईला, माझ्या वर्गातल्या धनगर-कातकऱ्यांच्या पोरांना कर्जदार व्हायचाही अधिकार नव्हता. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली तेव्हा कुठे ते दार किलकिलं झालं. आणि 1882 मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे मांडलं, त्यात त्या मुलाला द्यायचं खरं उत्तर होतं. सरकारी तिजोरीत पैसा शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा लाभ वरचे घेतात, असं त्यांनी लिहून दिलं. पंख्याचे पैसे त्या वाडीने आधीच भरले होते.

उरला पटाचा हिशेब. नऊ मुलांत एक जण आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला की हजेरी अकरा टक्क्यांनी खाली यायची. अहवालात ती घसरण दिसे, भट्टी दिसत नसे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत, कितीही कमी मुलं असली तरी दोन. मला हे कलम नुसत्या नियमासारखं वाटत नाही. थोड्यांचं ऋणही पुरतं ऋण असतं, हे त्यात मान्य केलंय.

2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा अशी शाळा म्हणून तोरणमाळबरोबर आमच्या पानशेतचं उदाहरण दिलं गेलं. माझ्या अनेक सोबत्यांनी सरसकट विरोध केला. मला तसं करता येत नाही. नऊ पोरांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. चौथीत एकटीच असलेल्या मुलीला वर्षभर बरोबरीचं कुणी भेटलं नाही, हे मी पाहिलंय, आणि त्यासाठी मी काही करू शकले नाही याचं दुःख आजही आहे. मुलांना मुलं हवीत. पण जुलैच्या पावसात ओढा ओलांडायचा भार सहा वर्षांच्या पोरावर टाकून शाळा मोठी करायची असेल, तर तो धर्म नव्हे. आधी गाडी दारात उभी करा, गाडीत एक बाई बसवा, मग कुलूप लावा. हा क्रम उलटा झाला की सगळ्यात आधी मुली घरी बसतात.

गेल्या जूनमध्ये पंख्याचा प्रश्न विचारणारा तो मुलगा भेटला. आता तो टेम्पो चालवतो, जवळच भाड्याने राहतो, मुलगी शाळेत घालायची आहे. "बाई, कुठं घालू?" मी म्हटलं, चल, घराजवळची महापालिकेची शाळा आधी बघू.

आम्ही तिघं गेलो. मी नळाला पाणी आहे का आणि मुलींच्या संडासाला आतून कडी लागते का ते पाहिलं. दोन्ही ठीक होतं. परत आले तर तो पहिलीच्या वर्गात लेकीचा हात धरून उभा होता आणि मान वर करून पंख्याकडे बघत होता.