युवदीया व सुंतुखे

मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी निरनिराळ्या मंडळ्यांतील स्त्रिया एकत्र जमून जागतिक प्रार्थना दिन पाळितात. 1927 सालापासून हा क्रम जगभर चालू आहे. परंतु शनिवारी काय? गारखेड्याकडे शेजारच्या दोन मंडळ्यांच्या भगिनी एका बाकावर बसून प्रार्थना करिताना आम्ही पाहिल्या. चहाच्या वेळी मात्र ज्या त्या आपापल्या गटाकडे गेल्या. पूर्वीची जात अजून पुरती सुटलेली नाही, असे म्हणावयास आम्हांस लाज वाटते, पण ते खरे आहे. तर मग एकत्र प्रार्थना झाली म्हणजे सहभागिता झाली काय?

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल युवदीयेस विनंती करितो, व सुंतुखेसही निराळी विनंती करितो. दोष कोणाचा, हे तो सांगत नाही. (आम्ही असतो तर पंचायत भरविली असती!) दोघींनी सुवार्तेसाठी श्रम केले, एवढेच तो स्मरतो, आणि एका सोबत्यास त्यांचे साहाय्य करावयास सांगतो. तेव्हा पाळकांनी व उपदेशकांनी या कामी अंग चोरू नये.

भगिनींनो, ज्या बहिणीच्या घरची भाकरी आपण कधी खाल्ली नाही, तिच्याच घरी पुढील प्रार्थनासभा मागून घ्या. आमंत्रणाची वाट पाहू नका. जक्कयाच्या घरी प्रभू आपण होऊनच उतरला होता.