पूर्वज जेथें मौन धरतात

पूर्वजांवरील निष्ठा म्हणजे त्यांचें अनुकरणच काय? ग्रीकांचा कित्ता गिरविणें हाच कलेचा धर्म, असा युरोपांत अनेकांचा आग्रह असतां, रोममधील कलावंत पिरानेसी यानें १७६९ सालीं आगट्यांच्या शोभिवंत चौकटींचे नमुने तांब्याच्या पत्र्यांवर तेजाबानें कोरून छापले. प्राचीन रोमन लोक जमिनीखालून उष्ण हवा खेळवून घरें ऊबदार करीत. भिंतींतील आगटीच्या चौकटीचा कित्ता त्यांनीं मागें ठेविला नव्हता. पिरानेसी अडला नाहीं. रोमन, एत्रुस्कन व इजिप्शियन अलंकार त्यानें एकत्र आणिले आणि इटालियन, इंग्रजी व फ्रेंच भाषांत त्याचें समर्थनही जोडिलें. कांहीं चौकटींवर अलंकारांची इतकी गर्दी आहे कीं डोळ्यांस विसावा मिळत नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि अतिरेक हा रुचीचा दोष होय, निष्ठेचा नव्हे. केवळ नक्कल करणारा पूर्वजांची कृति जपतो. परंतु ती ज्या कल्पकतेंतून उपजली, ती कल्पकता त्याच्या हातीं मरते. मात्र नव्या कृतीस जुनें नांव देणें ही वंचना होय. पिरानेसीनें आपली कृति आपल्याच नांवानें मांडली. वारसदाराचें कर्तव्य याहून निराळें तें कोणतें?