जिल्हा क्रमांक बारा

आलापल्लीहून भामरागडकडे निघालो होतो. ताडगाव मागे पडलं, मोबाइलची रेंज गेली, दोन्ही बाजूंनी जंगल दाटलं. गाडीत ओळखीच्या कुटुंबातली दहावीतली मुलगी होती. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "काका, हे किती पोस्ट-अपोकॅलिप्टिक आहे ना!" तिच्या मांडीवर सुझान कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स' होतं, दोन-तीनदा वाचून कोपरे मुडपलेलं.

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण परतल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. ते चुकीचं होतं, आणि गंमत अशी की तिच्या मांडीवरचं पुस्तकच ते खोडून काढत होतं.

किशोरवयीन वाचकांसाठीच्या या कादंबऱ्या पुस्तकांच्या दुकानात एकाच फळीवर असतात, पण त्यांची जात एक नाही. प्रलयोत्तर, म्हणजे पोस्ट-अपोकॅलिप्टिक, कादंबरीत सगळं संपलेलं असतं. रॉबर्ट ओब्रायन यांच्या 1974 सालच्या 'झेड फॉर झकाराया'मध्ये अणुयुद्धानंतर एका दरीत एक मुलगी एकटी उरते. तिथे राज्य नाही, बाजार नाही, फक्त उरलंसुरलं आहे. डिस्टोपियात काहीच संपलेलं नसतं. उलट सगळं अति व्यवस्थित चाललेलं असतं. गाड्या वेळेवर धावतात, नोंदवह्या अद्ययावत असतात. लोइस लाउरी यांच्या 'द गिव्हर'मध्ये (1993) भूक नाही, भांडण नाही, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. एकात व्यवस्था नसल्याची भीती, दुसऱ्यात ती असल्याची.

भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाकडे आपण पहिल्याच, प्रलयोत्तर चष्म्यातून बघत आलो. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी आयुष्य तिथे घातलं. ही हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे, पण आपण ती सांगतो कशी? रस्ता नव्हता, वीज नव्हती, डॉक्टर नव्हता, अंगावर पुरेसे कपडे नव्हते. सगळी वजाबाकी. त्यातलं काही खोटं नाही. मलेरियाने माणसं मरत होती आणि दवाखान्याने ती वाचवली, याबद्दल वाद घालणारा माणूस मूर्ख ठरेल. पण 'नव्हतं'ची यादी वाचून आपल्याला वाटतं की तिथले माडिया आदिवासी म्हणजे कुठल्या तरी बुडालेल्या जगातून वाचलेली माणसं.

दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीवरचा पूल बुडाल्याची आणि भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी येते. 'संपर्क तुटला' हा शब्दप्रयोग नीट बघा. कुणाचा कुणाशी तुटला? पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती जिथे भेटतात, तिथे नद्या फुगणार हे तिथल्या माणसाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. कोसरीचं धान्य भरून ठेवलेलं असतं, मोहफुलं वाळवलेली असतात, मासळी सुकवलेली असते. अडलेल्या बाळंतिणीसाठी तो बुडालेला पूल जीवघेणा आहे, आणि तो उंच बांधला जायला हवा होता तेव्हा बांधला गेला नाही, हा राग रास्त आहे. पण पूल बुडाला म्हणजे जग बुडालं, ही कल्पना पुलाच्या अलीकडच्यांची.

आता दुसरा चष्मा लावून बघू.

कॉलिन्स यांच्या 2008 सालच्या कादंबरीतल्या देशाचे बारा 'डिस्ट्रिक्ट' आहेत. मराठीत त्याला 'जिल्हा' म्हणावं लागतं, आणि तसं म्हटलं की ती गोष्ट एकदम जवळ येऊन बसते. प्रत्येक जिल्ह्याची ओळख तो राजधानीला काय पुरवतो यावर ठरते. सातवा लाकूड पुरवतो, अकरावा शेतीमाल, बारावा कोळसा. त्या जिल्ह्यांत रस्ते आणि रेल्वे नाहीत असं नाही. आहेत, फक्त माल ज्या दिशेला जायचा त्या दिशेला आहेत. भामरागडचा गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. या जिल्ह्याची ओळख कोणी विचारली तर आपणही काय सांगतो? सागवान, बांबू, तेंदूपत्ता. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला. आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं आणि ट्रकांच्या रांगा लागतात. जिथे पेशंट नेण्यासाठी रस्ता व्हायला दशकं लागली, तिथे खनिज नेण्यासाठी किती लागली, याचं गणित दहावीतल्या मुलीलाही मांडता येईल.

कॅटनिस या नायिकेचा पहिला गुन्हा कोणता? ती कुंपणापलीकडच्या जंगलात जाते, तिरकमठ्याने शिकार करते आणि घर जगवते. जंगल राजधानीच्या मालकीचं, म्हणून ही चोरी. भारतीय वन कायदा 1927 चा आहे. राखीव जंगलात शिरून काही आणणं हा वनगुन्हा ठरला आणि जंगलात राहणारेच त्या जंगलात घुसखोर झाले. हे मी चिडून लिहीत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत या प्रकाराला संसदेनेच ऐतिहासिक अन्याय म्हटलं आहे. कादंबरीत आणखी एक क्रूर युक्ती आहे. घरात धान्य नसलेल्या मुलाने वर्षभराच्या तुटपुंज्या धान्य-तेलाच्या बदल्यात आपल्या नावाची जादा चिठ्ठी जीवघेण्या खेळासाठी मुलं निवडणाऱ्या सोडतीत टाकायची. जितकी भूक मोठी, तितकी मरणाची शक्यता मोठी. चारोळी घेऊन मोबदल्यात मीठ मोजणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आठवणी या पट्ट्यातली म्हातारी माणसं सांगतात. तिथे सोडत नव्हती, तराजू होता. गरजेचा भाव गरजवंताकडूनच वसूल करायची रीत तीच.

आणि एक प्रलय तर सरकारी कागदावर आखूनही तयार होता. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटणम अशी दोन धरणं बांधायची होती. त्यांत प्रचंड जंगल आणि माणसांची गावं जाणार होती. 1984 मध्ये बाबा आमट्यांच्या पुढाकाराने 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, आदिवासी हजारोंनी रस्त्यावर आले आणि ती धरणं मागे पडली. बुडालेल्या जगाच्या कादंबऱ्या आपण आवडीने वाचतो. न बुडालेल्या जगाची ही गोष्ट मात्र एकाही मराठी किशोर कादंबरीचा विषय झालेली माझ्या वाचनात नाही.

याचं कारण शोधताना मला मराठी विज्ञानकथेकडे बोट दाखवावंसं वाटतं, अर्थात ऋण मान्य करून. जयंत नारळीकरांनी माझ्या पिढीला विचार करायला शिकवलं. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाने 1971 पासून खेड्यापाड्यांत वाचक तयार केले. पण आपल्या विज्ञानकथेतलं संकट बहुधा बाहेरून येतं. धूमकेतू येतो, विषाणू येतो, यंत्र डोईजड होतं. ते सगळ्यांवर सारखं कोसळतं आणि एखादा बुद्धिमान शास्त्रज्ञ ते निवारतो. डिस्टोपियातलं संकट कचेरीतून येतं, नोंदवहीतून येतं आणि कधीच सगळ्यांवर सारखं येत नाही. संस्कारांच्या काळजीने भारलेल्या आपल्या बालसाहित्याला हे मुलांसमोर ठेवणं जड जातं. 'मुलांना निराश करू नका' असं आपण म्हणतो. कुठल्या मुलांना, हे विचारायचं राहून जातं.

तरी कॉलिन्स यांचा मला वाटणारा मोठेपणा बंडाच्या वर्णनात नाही, बंडावरच्या संशयात आहे. तिसऱ्या भागात, 'मॉकिंगजे'मध्ये (2010), राजधानी पडते. बंडखोरांची प्रमुख कॉइन आता राजधानीतल्या मुलांना तशाच खेळात उतरवायचं सुचवते आणि कॅटनिसचा बाण अखेरीस या कॉइनला लागतो. थायलंडमध्ये 2014 च्या लष्करी उठावानंतर तरुणांनी या गोष्टीतली तीन बोटांची सलामी उचलली. त्यांनी बंड घेतलं. भामरागडच्या मुलाला त्यापुढचं पान जास्त कळेल, असं मला वाटतं. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला नक्षलवाद्यांचं दलम, आणि रात्री दारावर थाप पडली तर ती कुणाची, हे दार उघडल्याशिवाय कळायचं नाही, या अवस्थेत तिथल्या पिढ्या वाढल्या. हेमलकशात आयुष्य काढलेल्या विलास मनोहरांनी 'एका नक्षलवाद्याचा जन्म' लिहून ही कोंडी मराठीत आणली. ती कादंबरी कुमारांच्या हाती कुणी दिली नाही. द्यायला हवी होती.

पण एका जागी मला कॉलिन्स यांच्याशी भांडायचं आहे, आणि भांडणाचा दाखला याच जिल्ह्यातला आहे. या प्रकारच्या कादंबरीला एक निवडलेली व्यक्ती लागते. तिच्याभोवती कॅमेरे, तिच्या हातात धनुष्य. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात असं कुणी नव्हतं. गावातले देवाजी तोफा होते, सोबतीला कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल होते, पण गावाचा निर्णय सर्वसहमतीनेच व्हायचा. एकाचा विरोध असला तरी पुन्हा बसायचं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बाण सुटला नाही. पावतीपुस्तक हस्तांतरित झालं. याची गोष्ट लिहायला कॉलिन्सहून अवघड हात लागेल, कारण वर्षानुवर्षं चाललेल्या बैठका रंजक करणं सोपं नाही.

ती लिहिणार कोण? कॅनडातल्या मेटी समाजाच्या शेरी डिमलाइन यांनी 2017 मध्ये 'द मॅरो थीव्ह्ज' लिहिली. त्यात हवामान कोलमडल्यावर बाकीच्या माणसांना स्वप्नं पडेनाशी होतात. स्वप्नं उरतात ती आदिवासींनाच, म्हणून त्यांच्या हाडांतला मगज काढण्यासाठी त्यांना पकडून नेलं जातं, आणि नेण्याच्या जागा जुन्या निवासी शाळांच्या धर्तीवर उभ्या असतात. कॅनडात आदिवासी मुलांना घरातून ओढून नेऊन त्यांची भाषा मोडली गेली, तो इतिहास लेखिकेने भविष्यात नेऊन ठेवला. आपल्या आश्रमशाळा तशा नाहीत. हेमलकशाची शाळा 1976 साली सुरू झाली आणि माडिया समाजातले डॉक्टर-वकील तिथून घडले. तरीही घरी माडिया बोलणारं मूल शाळेत पहिल्याच दिवशी मराठीसमोर बसतं, तेव्हा मराठी हीच त्याच्यापुरती राजधानीची भाषा असते. आपण मुंबईत मराठीसाठी गळा काढतो, तेव्हा हे आठवणं अडचणीचं होतं.

बरं, ज्यांच्याकडून ही गोष्ट यायची, त्यांच्याकडे ती नाही असंही नाही. गोंडांच्या कथेत काली कंकालीची तेहतीस मुलं कचारगडच्या गुहेत कोंडली जातात आणि तोंडावर शिळा बसते. पारी कुपार लिंगो त्यांच्या सुटकेसाठी येतो. हिरासुका पाटालीर वाद्य वाजवतो, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ येतं, शिळा ढळते, आणि वादक तिच्याखाली सापडून मरतो. कोंडलेली मुलं, बाहेरून बसवलेला दगड, सुटकेची किंमत. किशोर डिस्टोपियाचा अख्खा सांगाडा आहे हा. गोंदिया जिल्ह्यातल्या या गुहेकडे दर माघ पौर्णिमेला यात्रा भरते. आणि तारुण्यात पाऊल टाकणाऱ्यांसाठी वेगळी जागा हवी, हे प्रकाशकांना 'यंग अ‍ॅडल्ट' फळी सुचण्याच्या कितीतरी आधी गोटुल नावाचं युवागृह बांधणाऱ्यांना सुचलं होतं.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती आहे. येत्या वर्षी आदिवासी जीवनावरचा लेख माझ्यासारख्या पाहुण्याकडून मागवू नका. भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या अकरावी-बारावीतल्या मुलामुलींना सांगा की पन्नास वर्षांनंतरच्या आपल्या जिल्ह्याची गोष्ट लिहा. माडियात आली तर माडियात छापा, शेजारी मराठी द्या. शेवट गोड नसला तर बदलू नका. आणि कृपा करून आमच्यापैकी कुणाची प्रस्तावना जोडू नका.